मदत हवी आहे: मुंबईला ४ दिवस, कोणत्या गोळ्या सोबत ठेवू?

अंबानगरीकर
पुढच्या आठवड्यात अमरावतीहून मुंबईला येतोय. ४ दिवस, आम्ही चौघं. समुद्रावर जाणारच आहोत. जुलाब, ताप, खाज यांच्या गोळ्यांची नावं सांगा. आधीच अँटिबायोटिकचा एक कोर्स करून टाकला तर बाहेरचं खाल्लेलं बाधत नाही म्हणतात, खरं का? जुहूला पोहता येतं का? तिकिटं झालीत, त्यामुळे 'येऊ नका' हा सल्ला नको. उद्या सकाळी मेडिकलमध्ये जायचंय, लवकर सांगा.

गिरगावचा_बोका
पुढच्या आठवड्यात म्हणजे अनंत चतुर्दशी. विसर्जन बघायला येताय का? उतरणार कुठे? आणि चौघं म्हणजे कोण कोण, वयं काय?

खलबत्ता
अँटिबायोटिक आधी घेऊ नका. बाधायचं ते बाधतंच, वर औषधानेच जुलाब लागू शकतात. सोबत ओआरएस, पॅरासिटामॉल आणि थर्मामीटर ठेवा. लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) मोठ्यांनाच, आणि तापात किंवा शौचातून रक्त जात असेल तर मोठ्यांनाही नाही.
ओआरएसमध्ये लोक हमखास चुकतात. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, पूर्ण १ लिटर पाण्यात. छोटं, ४ ग्रॅमच्या आसपासचं, २०० मिलीत. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात ओतलं की मिठाचं प्रमाण चुकतं, जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे.
कुणाला मधुमेह, रक्तदाब, काही आहे का?

समुद्रवेडी
मुंबईचे समुद्र काय समुद्र आहेत का! त्यापेक्षा सरळ गोव्याला जा, दक्षिण गोव्यात. हॉटेलांची यादी देऊ का?

अंबानगरीकर
@समुद्रवेडी तिकिटं झालीत असं लिहिलंय वर.
@बोका हो, विसर्जनच. आत्याकडे गिरगावात उतरणार. मी, बायको, मुलगी (६ वर्षं) आणि बाबा. आत्याचा घरचा गणपती चौपाटीवर नेतात, बाबांना स्वतः पाण्यात उतरून विसर्जन करायचंय. बाकी त्यांना काही नाही, शुगर आहे फक्त, इन्सुलिन घेतात. जुहूचं सांगा.

खलबत्ता
'शुगर आहे फक्त'! अहो, हेच आधी लिहायचं. वय किती? तळपायांना मुंग्या येतात का? चप्पल पायातून निसटली तर त्यांना कळतं का?

खाडीतला_खेकडा
जुहूला पोहू नका. पावसाळ्यात इर्ला नाल्याचं पाणी तिथेच उतरतं, आणि भाद्रपदात समुद्र पुरता निवलेला नसतो. मालाडचा अक्सा किनारा तर मुलीला घेऊन मुळीच नको. वाळूखाली खड्डे पडतात, त्यांच्या जागा बदलतात, गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो. लाल बावटा असेल तर घोटाभरसुद्धा नाही. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर जा, ओढ सुटली की मग वळा.
आता गिरगाव चौपाटी. तिथली खरी अडचण पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा. उथळ वाळूत अंग पुरून पडून राहतं, वर पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. २०१३ साली दीड दिवसाच्या विसर्जनात तिथेच कितीतरी जणांना काटे बसले. म्हणून पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून घासत न्यायचं. पाकटाला चाहूल लागते, ते सरकतं.

कांदेपोहे_नको
पाकटाचं कालवण भन्नाट लागतं. चिंचेऐवजी कोकम घाला.

गिरगावचा_बोका
कोकम?? पाकटाला चिंचच. असो.
अंबानगरीकर, वेळ कोणती ठरलीय?

अंबानगरीकर
वेळ आत्या ठरवेल. त्याने काय फरक पडतो?

खाडीतला_खेकडा
सगळा फरक त्यानेच पडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्दशी म्हणजे १४, पाऊणपट साडेदहा. सकाळी साडेदहा-अकराला भरती, संध्याकाळी साडेचार-पाचला ओहोटी, रात्री परत अकराला भरती. शिवाय दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे हे उधाण. पाणी चढतंही जास्त, उतरतंही जास्त. पाचला गेलात तर लांबपर्यंत ओल्या वाळूतून चालावं लागेल, पाकटं तिथेच. आठनंतर पाणी भराभर चढतं, तेव्हा पाठ फिरवून फोटो काढत उभं राहायचं नाही. मिनिटांपर्यंत नेमकी वेळ हवी असेल तर वर्तमानपत्रातला भरतीचा तक्ता बघा. २०२५ ला लालबागचा राजा भरतीपायी किती तास रखडला ते सगळ्यांनी पाहिलंय.

पंचांगपुरुष
पाऊणपटीचा नियम ढोबळ आहे, तासभर इकडे-तिकडे होतो. शिवाय घरच्या गणपतीसाठी कृत्रिम तलाव असताना समुद्रात जाताच का? मूर्ती शाडूची आहे की प्लॅस्टरची?

गिरगावचा_बोका
हा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या, तिथे ३०० प्रतिसाद झालेत.

खलबत्ता
काटा बसलाच तर लगेच जखम पाण्याने धुवा आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. त्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात, म्हणून ठणका उतरतो. पण तुमच्या बाबांच्या बाबतीत पाणी दुसऱ्याने हात घालून तपासायचं. बधिर पायाला चटका कळत नाही, काट्यापेक्षा भाजण्याने मोठी जखम होते. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, त्यामुळे दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर उपटायचा नाही, तसंच न्यायचं.
पायाला आधीची चीर, भेग, फोड असेल तर त्यांनी पाण्यात उतरूच नये. खाऱ्या पाण्यातले काही जंतू मधुमेही माणसाच्या जखमेत तासाभरात नाही, पण दिवसभरात पाय सुजवतात. लाली वर चढायला लागली की सकाळची वाट बघत बसायचं नाही.

समुद्रवेडी
जेलीफिशला व्हिनेगर बेस्ट. बाटली ठेवाच.

खलबत्ता
सरसकट नाही. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशला. पावसाळ्यात मुंबईला येते ती बहुतेक ब्लू बॉटल, तिच्यावर व्हिनेगर ओतावं की नाही यावर जाणकारांतच मतभेद आहेत. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा, मग गरम पाणी २० मिनिटं. वाळू चोळायची नाही, लघवीचा तो उपाय तर नाहीच.
मुलीला आधीच बजावून ठेवा. वाळूवर निळा फुगा पडलेला दिसला तर उचलायचा नाही, मेलेल्या ब्लू बॉटलचे दोरेही डंख मारतात.

अंबानगरीकर
बाबा ६८. मुंग्या येतात, चप्पल निसटल्याचं मागच्या महिन्यापासून कळत नाही म्हणतात. भेगा आहेत टाचेला. लेप्टोची (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी म्हणे सगळ्यांनी घ्यायची असते, ती आत्ता सुरू करू?

खलबत्ता
आत्ता नाही. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर, तेही डॉक्टरांना दाखवून, २४ ते ७२ तासांच्या आत. मोठ्यांना डॉक्सीसायक्लीन देतात. मुलीला नाही, ८ वर्षांखालच्यांना डॉक्टर वेगळं औषध देतात. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. भेगा असलेल्या बाबांना तुंबलेल्या पाण्यात उतरवूच नका.
आणि लेप्टो कधीकधी महिन्याने वर येतो. अमरावतीला परतल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना 'मुंबईत पाण्यातून चाललो' हे स्वतःहून सांगा, तिथे त्यांना सुचायचं नाही. तापात आयबुप्रोफेन नको, डेंग्यूची शंका फिटेपर्यंत पॅरासिटामॉलच.

गिरगावचा_बोका
गर्दीचं मी सांगतो. त्या संध्याकाळी काही लोकल चर्नी रोडला थांबत नाहीत, रेल्वेची त्या दिवशीची सूचना बघा. ग्रँट रोड किंवा मरीन लाइन्सला उतरून चालत या, किंवा मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन. मुलीच्या दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहा, खिशातल्या चिठ्ठीचा उपयोग नाही. गर्दीत नेटवर्क बसतं, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरून ठरवून निघा. बाबांचं जेवण मिरवणुकीत लांबेल, इन्सुलिन मात्र आधीच घेतलेलं असेल. घाम, थरथर, बरळणं दिसलं की ३-४ चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून. ती पुडी तुमच्या खिशात हवी, त्यांच्या पिशवीत नको. रुग्णवाहिका १०८, पाणी तुंबल्याची तक्रार १९१६.

कांदेपोहे_नको
चौपाटीवर व्हिक्टोरिया अजून आहेत का हो? घोड्याच्या?

गिरगावचा_बोका
नाहीत, न्यायालयाने बंद केल्या.

अंबानगरीकर
गोळ्यांची यादी घेतली. बाबांना सांगितलं, ते ऐकत नाहीत. देवाच्या कामाला चप्पल घालून जाणार नाही म्हणतात.

खाडीतला_खेकडा
आरती वाळूवर चटई टाकून करा, तिथे अनवाणी बसू देत. मूर्ती पाण्यात न्यायला चौपाटीवर पालिकेची माणसं असतात, त्यांच्या हातात द्या. अक्षता टाकायला आत जावं लागत नाही.

अंबानगरीकर
आणि परत येताना? चटईपासून रस्त्यापर्यंत?

खलबत्ता
बंद रबरी बूट, आत सुती मोजे. घालण्याआधी बूट उलटा करून झटका, खडा राहिला तर त्यांना कळणार नाही. घरी पोचलात की तळपाय उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.