नाकातले थेंब सुटेनात, कुणी सोडलेत का?

वखारवाला, निपाणी:
मंडळी, जरा लाजतच विचारतोय. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायला असतो. दिवाळीनंतर सर्दी झाली, खकाणा तर रोजचाच, म्हणून मेडिकलमधून झायलोमेटाझोलिनचे थेंब आणले. टाकले की पाच मिनिटांत नाक असं मोकळं व्हायचं की वाटलं, इतकी वर्षं आपण उगीच वाफ घेत बसलो. आज आठ महिने झाले. एक बाटली शर्टाच्या खिशात, एक उशीखाली, एक गाडीच्या डिकीत. पूर्वी रात्री एकदा टाकले की थेट सकाळ. आता तीन तासांत नाक दगड.

परवा मेहुण्याच्या हळदीला चिकोडीला गेलो आणि बाटली घरी राहिली. रात्री अकराला मेहुण्याची गाडी काढून सगळा बाजार पालथा घातला, शेवटी एका दुकानदाराला घरातून उठवलं. बायको म्हणाली, "दारुड्यासारखं काय हो हे?" ते लागलं. सर्दी कधीच गेलीय, शेंबूड नाही, शिंका नाहीत. मग नाक बंद का?

गोळ्यावाला, खानापूर:
दादा, वहिनींनी बरोबर पकडलंय. तुमचं नाक शेंबडानं नाही, सुजेनं बंद आहे. नाकात आतल्या बाजूला मऊ मांसल उंचवटे असतात, त्यांत रक्तवाहिन्यांचं जाळं. त्या रक्तानं तट्ट फुगल्या की वाट बंद. थेंबातलं औषध त्यांना आवळतं, सूज ओसरते, वारं खेळायला लागतं. ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांचंही काम तेच. पण रोज आवळत राहिलं की वाहिन्या औषधाला दाद देईनात, आणि असर उतरला की पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. तुम्ही परत थेंब टाकता. आता तुमचं नाक बाटलीच बंद करतेय बघा.

हे थेंब तीन दिवसांचे, फार तर पाच. महिन्याला चार बाटल्या नेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडेही आहेत. सांगायला गेलं की पुढच्या दुकानात जातात.

आणि उशीखालची बाटली आधी उचला. लहान पोरानं ते थेंब थोडे जरी प्यायले तरी गुंगी येते, हृदयाचे ठोके मंद होतात, दवाखाना गाठावा लागतो.

शहापूरची आत्या:
मी दोन वर्षं त्याच गाळात होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली, अर्धं नाक सोडायचं. डाव्या नाकपुडीत थेंब बंद, उजवीत चालू. म्हणजे जीव गुदमरत नाही. सोबत नाकात मारायचा, सूज उतरवणारा स्टिरॉइडचा स्प्रे दिला. तो लगेच काही करत नाही, दिवस लागतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांत फेकून देऊ नका. स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, कानाच्या बाजूला वळवायचं. मी आधी उलटं मारत होते, रक्त यायचं.

पहिल्या चार रात्री वाईट. तीन उशा लावून बसल्यासारखी झोपायचे, शेजारच्या मागाचा खडखडाट ऐकत. तोंडानं श्वास घेऊन जीभ लाकडासारखी व्हायची. नवव्या दिवशी बाहेरच्या खोलीतून दूध उतू गेल्याचं वासावरून कळलं! मग उजवी सोडली, ती सोपी गेली.

वखारवाला, निपाणी:
आत्या, लई उपकार. आणखी एक. वडील 72 वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी सर्दीची साधी गोळी घेतली आणि रात्रभर लघवीला झाली नाही. सर्दीचा नि लघवीचा काय संबंध?

गोळ्यावाला, खानापूर:
आहे की. आपल्याकडच्या बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलेफ्रिन, म्हणजे थेंबांसारखंच वाहिन्या आवळणारं औषध, आणि शिंका-पाणी थांबवणारं क्लोरफेनिरामिन असतं. आवळणारं औषध पोटातून घेतलं की फक्त नाकापुरतं राहत नाही. बीपी चढू शकतं, मूत्राशयाचं तोंडही आवळतं. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेल्या माणसाची लघवी त्यानं अडते, क्लोरफेनिरामिन त्यात भर घालतं. पुन्हा अडली तर सकाळची वाट बघू नका, लगेच न्या.

गंमत म्हणजे तोंडावाटे घेतलेलं फिनाइलेफ्रिन आतड्यात नि यकृतातच बरंचसं मोडतं, नाकापर्यंत फार थोडं पोचतं. 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं, बंद नाकावर या गोळीचा उपयोग दिसत नाही. त्याच वर्षी आपल्याकडे या जोडगोळीच्या पाकिटावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायचा आदेश निघाला. तरी गिऱ्हाईक येतं नि म्हणतं, "ती पिवळी द्या, भारी असते."

वखारवाला, निपाणी:
अण्णांना उद्या डॉक्टरांकडे नेतो. माझी डावी आज संध्याकाळपासून बंद. डिकीतली आणि उशीखालची बाटली बायकोनं कुलपात टाकली, खिशातली उजवीसाठी ठेवलीय. आत्ता रात्रीचे दीड वाजलेत, तीन उशांवर बसून लिहितोय. आत्या, चौथ्या रात्रीनंतर नक्की ना?