टर्मिनलवरून टेक्स्ट फाइल्सचं शुद्धलेखन तपासायचंय, चुकांची नुसती यादी कशी काढू?

कच्चा_मसुदा
नमस्कार मंडळी, एका सॉफ्टवेअरच्या मदत-पानांचा मराठी अनुवाद आम्ही तिघांनी मिळून केलाय, साध्या टेक्स्ट फाइल्स आहेत, एकूण १८६. आता शुद्धलेखन माझ्याकडे आलंय. मी एस्पेल (शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम) चेक लावून एकेक फाइल उघडत गेलो तर ते प्रत्येक शब्दावर थांबून विचारतं, बदलू का, सोडू का, आणि तेच ते शब्द पुढच्या फाइलला परत. दोन संध्याकाळी गेल्या, अकरा फाइल्स झाल्या. मजकुरात इंग्रजी शब्दही आहेत, ते सगळे चूक म्हणून येतात. मला फाइलला हात न लावता सगळ्या चुकांची एकत्र यादी हवीये, मग मी ठरवीन काय बदलायचं ते. लिनक्सच आहे. (कमांड सगळ्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, तुम्हीही तसंच लिहा, कळेल मला.)

पाइपवाली
एकेक फाइल उघडून तपासायचं आधी थांबवा, एवढ्या फाइल्सना ती पद्धत नाहीच चालत. हन्स्पेल घ्या, एस्पेलसारखाच दुसरा प्रोग्राम, त्यात -एल दिलं की ते काही विचारत नाही, फाइल बदलत नाही, शब्दकोशात नसलेले शब्द फक्त छापतं. एस्पेललाही लिस्ट आहे तसंच, पण हन्स्पेलमध्ये -डी ला स्वल्पविराम देऊन दोन शब्दकोश एकदम देता येतात, म्हणजे तुमचा इंग्रजीचा प्रश्न तिथेच मिटला:

हन्स्पेल -डी एमआर_आयएन,ईएन_यूएस -एल *.टीएक्सटी | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर

मराठी शब्दकोश इन्स्टॉल आहे का ते हन्स्पेल -डी ने कळेल, हा डी मोठ्या लिपीतला. आणि लोकेल (सिस्टिमची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असू दे, नसेल तर -आय यूटीएफ-८ द्या, नाहीतर देवनागरीचा पार चुराडा होतो.

शब्द किती वेळा आला त्या क्रमाने यादी लागते. वर जे येतील ते शंभर-शंभर वेळा आलेले, म्हणजे तुमच्या विषयातले शब्द, ते एका फाइलमध्ये ओळीला एक असे टाका आणि पुढच्या वेळी -पी ने ती फाइल द्या. खरे टायपो तळाला असतात, एकदाच आलेले.

कच्चा_मसुदा
वा, चार सेकंदांत यादी आली! ४,३०० च्या आसपास वेगळे शब्द आहेत. पण एक काही केल्या कळेना. दुसऱ्या, तिसऱ्या, करणाऱ्या, असे अर्ध्या र चे शब्द यादीत आहेत, बरोबर लिहिलेले असून. आणि सगळ्या फाइल्समधून नाही येत, एका मित्राने टाइप केलेल्या फाइल्समधूनच येतात. माझ्या फाइलमधलं दुसऱ्या पास आणि त्याचं नापास, शेजारी शेजारी ठेवून बघितलं, काडीचा फरक दिसत नाही.

अक्षरवेडा
दिसणारच नाही, डोळ्यांनी बघायची गोष्टच नाही ही. मराठीत हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ऱ (यू+०९३१), मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी, न दिसणारं जोडचिन्ह), मग य. पडद्यावर दोन्ही सारखंच उमटतं, पण कॉम्प्युटरसाठी दुसऱ्या आणि दुसर्‍या हे दोन वेगळे शब्द. तुमच्या मित्राचा कीबोर्ड वेगळा असणार, एवढंच. एक्सएक्सडी (फाइलमधले बाइट्स दाखवणारी कमांड) मधून तो शब्द काढून बघा, बाइट्स वेगळे दिसतील.

लोक म्हणतात युनिकोड नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या कोडने लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करा, की झालं. ते कराच, कारण कोणी र खाली नुक्ता देऊन ऱ केला असेल तर एनएफसी (नॉर्मलायझेशनचाच एक प्रकार) त्याचा एकसंध ऱ करून देतं, यूकॉन्व्ह -एक्स एनी-एनएफसी अशी कमांड आहे. पण जॉइनरवाल्या रूपाला ते हात लावत नाही! ते तुम्हालाच सेडने (मजकुरात शोधून बदल करणारी कमांड) बदलावं लागेल:

सेड -आय.बॅक 's/र्‍/ऱ्/g' *.टीएक्सटी, म्हणजेच देवनागरीत सेड -आय.बॅक 'एस/र्‍/ऱ्/जी' *.टीएक्सटी

पहिल्या र् नंतर जॉइनर आहे, कॉपी करताना तो गळाला तर साधे सगळे रफार बिघडतील, कर्म सुद्धा बिघडेल, म्हणून आधी एका फाइलवर करून डिफ (जुन्या-नव्या प्रतीतला फरक) बघा. -आय पुढे .बॅक लिहिलं की जुनी प्रत राहते, ते सोडू नका.

जुना_शेल
वरचं सगळं बरोबर आहे, फक्त पाइपवाली ताईंचं एक पटलं नाही. जास्त वेळा आलेला शब्द बरोबर आणि एकदा आलेला चूक हे इंग्रजीत बऱ्यापैकी चालतं, मराठीत नाही. आपल्याकडे प्रत्यय चिकटतात, टर्मिनलवरूनसुद्धा हा शब्द अख्ख्या मजकुरात एकदाच येईल आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. उलट कोणाला पद्धत हा शब्द पध्दत असा लिहायची सवय असेल तर तो नव्वद वेळा येऊन यादीत सगळ्यात वर बसतो, आणि तुम्ही तो विश्वासाने आपल्या शब्दयादीत टाकून देता. मग ती चूक परत कधीच सापडत नाही. म्हणून वरचे शब्द एकेक वाचा, घाई तळाला केली तरी चालेल.

हन्स्पेलच्या त्या -पी वाल्या फाइलमध्ये दोन सोयी आहेत ज्या फार कोणी वापरत नाही. शब्दाआधी तारा दिला, *पध्दत असा, तर तो शब्द कायम चूक धरला जातो. आणि टर्मिनल/डोंगर असं लिहिलं तर टर्मिनलला डोंगरचे प्रत्यय लागू होतात, अर्थात शब्दकोशाच्या एएफएफ फाइलमध्ये (प्रत्ययांच्या नियमांची फाइल) तसे नियम असतील तरच.

बाकी शब्द सुटे करा, सॉर्ट करा, कोशाशी ताडून पाहा, ही कल्पना जुनी आहे, १९७५ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सनने पहिलं स्पेल असंच एका दुपारी लिहिलं होतं. तुम्हाला सॉर्ट आणि कॉम (दोन सॉर्ट केलेल्या फाइल्स ताडून बघणारी कमांड) वापरून स्वतःचं करायचं असेल तर दोन खड्डे सांगून ठेवतो. शब्द सुटे करायला टीआर (एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारी कमांड) वापरू नका, जीएनयूचं टीआर बाइट मोजतं, अक्षर नाही, देवनागरीचे तुकडे पडतात. आणि कॉमला द्यायच्या दोन्ही फाइल्स एकाच लोकेलमध्ये सॉर्ट करा, एलसी_ऑल=सी दोन्हीकडे, नाहीतर ते फाइल सॉर्ट नाही म्हणून तक्रार करतं.

आणि दिन-दीन, शिर-शीर, पाणि-पाणी यातलं काहीही हन्स्पेल पकडणार नाही कारण दोन्ही शब्द कोशात असू शकतात. अशा जोड्यांची वेगळी यादी करून ग्रेप -एन ने (शब्द शोधून ओळ क्रमांकासह दाखवणारी कमांड) ओळी काढा आणि वाचा, दुसरा इलाज नाही त्याला.

कच्चा_मसुदा
सेड चालवलं, आधी एका फाइलवर डिफ बघून. यादी ४,३०० वरून २,९०० वर आली, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा नुसता त्या जॉइनरचा होता. आणि जुना_शेल, पध्दत खरोखरच वर होता, ६४ वेळा, सगळे मीच लिहिलेले. माहीती पण होता, ३८. दोन्ही तारा देऊन टाकले. आता हे नवीन फाइल येईल तेव्हा आपोआप कसं होईल? गिट वापरतो आम्ही.

पाइपवाली
जुना_शेल यांचा मुद्दा मान्य, मी इंग्रजी मजकुराच्याच सवयीने लिहिलं. गिटसाठी प्री-कमिट हुकमध्ये (प्रत्येक कमिटआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) फक्त बदललेल्या फाइल्स घ्या, गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली ने नावं मिळतात, त्यावर तीच -एल वाली कमांड. कमिट अडवू नका सुरुवातीला, नुसती यादी छापू दे, नाहीतर तुमचे मित्र हुकच बंद करून ठेवतील. जॉइनर शोधणारा एक ग्रेपही त्यातच घाला, आणि शब्दयादीची फाइल रेपोमध्येच ठेवा म्हणजे तिघांकडे एकच राहील.