स्वतःहून दुःख मागणारा नायक लिहायचाय, काय वाचू?

शाईचा_डाग: मंडळी, सल्ला हवाय. माझ्या कथेतला नायक आपणहून एका बाईच्या हुकमतीत जातो, अपमान मागून घेतो. लिहायला बसले की एकतर तो रोगी वाटायला लागतो, नाहीतर प्रसंग चावट होतो. मला त्याची ओढ आतून कळायला हवी. इंग्रजी चालेल.

पिंपळपान: ताई, थेट झाखर-माझोख या एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन लेखकापासून सुरुवात करा. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने १८९० मध्ये ‘मॅसोकिझम’ (वेदना, अपमान यांतून सुख मिळणं) हा शब्द काढला तो याच्या आडनावावरून, आणि तेव्हा हा हयात होता. जिवंत लेखकाच्या नावाचा आजार करून टाकला, याचा मला अजून राग येतो.

त्याची कादंबरी ‘व्हीनस इन फर्स’ (१८७०) वाचाच, पण आधी त्याने डिसेंबर १८६९ मध्ये फॅनी पिस्टर या बाईशी केलेला खराखुरा करार वाचा. सहा महिने गुलामी. तिने होईल तितक्या वेळा फर घालायची, विशेषतः निष्ठुरपणा करताना. त्यातच एक अट: रोज सहा तास त्याला त्याच्या कामासाठी मोकळे द्यायचे आणि त्याची पत्रं, लिखाण तिने कधीच बघायचं नाही. बाकी सगळं तिच्या स्वाधीन केलं, लेखणी तेवढी राखून ठेवली! कादंबरीतला नायक सेव्हेरिन मात्र आपला जीव घ्यायचा हक्कसुद्धा नायिकेला, वांडाला, लिहून देतो. तुमचा नायक या दोन कागदांच्या मध्ये कुठेतरी सापडेल.

चावटपणाचं म्हणाल तर, त्याच्याकडे फटक्यांपेक्षा वाट बघणंच जास्त आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ डल्यूझचा १९६७ चा निबंध यावरच आहे. इंग्रजीत निबंध, कादंबरी, करार एकाच पुस्तकात मिळतात.

रानजाई: पिंपळपान यांच्याशी सहमत, पण बाईची बाजू वाचल्याशिवाय कथा पुरी करू नका. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या गरीब घरातली अरोरा र्‍यूमेलिन कादंबरीतल्या नायिकेचं ‘वांडा’ हे नाव घेऊन १८७३ मध्ये झाखर-माझोखची बायको झाली. तिचं आत्मकथन १९०६ मध्ये आलं. नवऱ्याच्या हट्टापायी फर घालायची, हातात चाबूक धरायचा, आणि त्याच घरात मुलं वाढवायची, पैशांची ओढाताण सोसायची. माझ्या तर घशाशी आलं वाचताना. मालकीण होण्याचा हुकूमही त्याचाच!

शाईचा_डाग: दोघांचेही मनापासून आभार. आत्ता मसुदा उघडून पाहिला. नऊ पानं झालीत आणि बाईच्या तोंडी फक्त हुकूम आहेत, तेही नायकाने आधी मनात ठरवलेलेच. वांडाचं पुस्तक आधी मागवते.