पावणेचार वर्षांच्या मुलीला काय दाखवावं?

कोथरूडची आई: पाळणाघरातून आल्यावर लेकीला अर्धा तास टीव्ही, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. माझं मत: मराठी, संथ आणि हाताला काम देणारं दाखवावं. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायचे छोटे व्हिडिओ केलेत. मराठीतही आहेत, फुकट आहेत. स्ट्रॉचं टोक चपटं करून तिरपं कापायचं, फुंकलं की पिपाणी वाजते. वाजवता वाजवता कात्रीने तुकडे कापत गेलं की आवाज चढत जातो. ते बघून लेक लगेच स्ट्रॉ मागायला आली. इंग्रजी बालगीतांच्या भडक व्हिडिओंनंतर ती फक्त पुढचा व्हिडिओ मागते.

बालवाडीच्या बाई (निवृत्त): मग पिपाणी तुम्हीच करून दाखवा ना! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, आणि कमी तितकं बरं असंही. ती कमाल मर्यादा आहे, रोजचा रतीब नव्हे. लहान मूल समोरच्या माणसाकडून शिकतं तसं पडद्याकडून शिकत नाही.

हिंजवडीकर बाबा: बाई, आम्ही दोघं घरी पोचतो सातला. कुकर लावेपर्यंत मूल कुणाकडे द्यायचं? आणि इंग्रजीला सरसकट नाकं मुरडू नका. 'सेसमी स्ट्रीट' १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालं तेच गरीब घरांतल्या मुलांची शाळेची तयारी व्हावी म्हणून, शिक्षणतज्ज्ञांना सोबत घेऊन. कार्यक्रम कुणी आणि कशासाठी केलाय ते बघा, भाषा नंतर.

कोथरूडची आई: नंतर नाही, आधीच. बघितलेलं तिला आजीला सांगता आलं पाहिजे. आणि बाई, मी भाजी चिरताना तिथेच असते, "आता काय कापलं त्यांनी?" असं विचारत असते. पुढचा व्हिडिओ आपोआप लागण्याची सोय तेवढी बंद करून ठेवलीय. सगळ्यांनी आधी ते करा.

कर्वेनगरकर: मराठीत निवडायला आहे किती? आपल्या पुण्यातच बालचित्रवाणी होती, १९८४ पासून मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करणारी. २०१७ मध्ये बंद झाली. पालकांनी आवाज उठवायचा तर तिथे उठवा.

बालवाडीच्या बाई (निवृत्त): जरूर उठवा, मीही सही करीन. पण ते कार्यक्रम शाळेतल्या मुलांना. पावणेचार वर्षांच्या पोरीला गोष्ट आजीनेच सांगायची, यावरून मी हटणार नाही.