‘उत्क्रांती’मधला ‘उत्’ आणि ‘माकडापासून’मधला ‘पासून’

प्रश्न :
‘उत्क्रांती’ हा शब्द मला कधीच पुरता पटलेला नाही. उत्कर्ष, उन्नती, उत्थान यांच्या पंगतीत तो बसला, की ऐकणाऱ्याच्या मनात शिडी उभी राहते आणि तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर अर्थातच आपण असतो. डार्विनच्या विचारात अशी शिडी नाही. आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीला स्वतःची अन्ननलिका उरलेली नाही, हीसुद्धा उत्क्रांतीच. मग बंगालीप्रमाणे ‘विवर्तन’ का म्हणू नये?

उत्तर :
‘उत्’ म्हणजे केवळ ‘वर’ नव्हे, ‘बाहेर’सुद्धा, उच्छ्वास आणि उद्गार यांत तोच आहे. वेदान्तात ‘उत्क्रांती’ म्हणजे जीवाने देहाबाहेर पडणे, त्यामुळे जुन्या शास्त्र्याला आपला आजचा अर्थ ऐकून दचकायलाच व्हावे. इंग्रजी ‘इव्होल्यूशन’च्या मुळाशीही गुंडाळी उलगडणे हाच अर्थ आहे, आणि आत आधीपासून असलेलेच उलगडते असा त्यातून भास होतो. डार्विनच्या ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या 1859च्या पहिल्या आवृत्तीत हे नाम आढळत नाही. ‘बदलांसह वंशपरंपरा’ अशा अर्थाची शब्दयोजना तो करतो. ‘विवर्तन’ घ्यावे, तर त्याच्या मागोमाग वेदान्तातला दोरीवर भासणारा साप येतो, कारण तिथे विवर्त म्हणजे भास. उत्क्रांतीला भास म्हणणारे आधीच पुष्कळ आहेत, त्यांच्या हाती हा शब्द कशाला द्यायचा?

माझ्या मते खरा घोटाळा नामापेक्षा ‘पासून’ या शब्दयोगी अव्ययात आहे. ‘माकडापासून माणूस झाला’ हे वाक्य ‘दुधापासून दही झाले’ याच साच्यातले आहे. दही लागले की दूध उरत नाही. म्हणून ‘मग आजही माकडे कशी?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याला बिनतोड वाटतो, आणि ‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?’ हाही त्याच साच्यातून निघतो. वास्तविक चिंपांझी आपला पणजोबा नव्हे, फार दूरचा चुलत भाऊ आहे. दोघांचे समान पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेले आणि ते आजच्या चिंपांझीसारखे हुबेहूब असतील असेही नाही. चुलतभाऊ हयात आहे म्हणून आपला जन्म कोणी खोटा ठरवत नाही. शिवाय चिंपांझीला शेपूट नसते, म्हणून शास्त्रीय लेखनात त्याला माकड न म्हणता ‘कपी’ म्हणतात.

दुसरा दोषी ‘म्हणून’. ‘पाने मिळावीत म्हणून जिराफाची मान लांब झाली’ या वाक्यात हेतू शिरतो. ‘जंतूंना औषधाची सवय झाली’ हेही तसेच, कारण सवय एकेका जीवाला लागते. प्रत्यक्षात प्रतिजैविक दिल्यावर बहुतेक जंतू मरतात. ज्या थोड्यांत योगायोगाने घडलेला जनुकीय बदल आधीपासूनच असतो ते तगतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. एकही जंतू शिकलेला नसतो, बदलते ती त्यांच्या समूहाची घडण.

‘ही नुसती थिअरी आहे’ या आक्षेपाला मात्र मराठीत फारसा आधार नाही. आपला ‘सिद्धांत’ सिद्ध झालेलेच सांगतो. अंदाजाचा अर्थ ‘थिअरी’ या उसन्या शब्दाबरोबर आला.

पुन्हा प्रश्नकर्ता :
‘पासून’विषयीचे मान्य. पण ‘बळी तो कान पिळी’ हाच डार्विनचा नियम, असे सर्रास लिहिले जाते, त्याचे काय?

उत्तर :
ही म्हण ज्याच्या जागी वापरतात तो ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग मुळात इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा, 1864चा. डार्विनने तो पुढे आपल्या ग्रंथाच्या 1869च्या आवृत्तीत घेतला. त्यातल्या ‘फिट’चे दोन्ही अर्थ मराठी बोलण्यात आहेत. ‘तो एकदम फिट आहे’ म्हणताना आपण दंडाकडे पाहतो, आणि ‘सदरा फिट बसला’ म्हणताना मापाकडे. डार्विनला दुसरा अर्थ अभिप्रेत होता. थंडी वाढली तर बलदंड पण केस विरळ असलेल्या प्राण्यापेक्षा किरकोळ पण दाट लोकरीचा प्राणी अधिक पिल्ले मागे ठेवू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणाचाही कान पिळावा लागत नाही.