मदत हवी आहे: मायोर्काच्या डोंगरातलं छोटं हॉटेल

एप्रिलमध्ये सासूबाईंना (वय 70) घेऊन स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या त्रामुंताना डोंगरात 4 रात्री राहायचंय, देइया किंवा सोयेर गावात. जुन्या दगडी घरांची केलेली हॉटेलं फार देखणी आहेत, पण देइयात गल्ल्या चढाच्या, पायऱ्यांच्या. गाडी खाली लावून बॅगा वर न्याव्या लागतात. लिफ्ट असलेलं, 15 खोल्यांच्या आतलं कुणाला माहीत आहे का? जाड भिंतींमुळे रात्री खोली गार पडते, तेव्हा हीटर आहे का तेही सांगा.

बेटाची राजधानी पाल्माहून 203 नंबरची बस बॅगांसह जमेल का? डोंगरातला मा-10 रस्ता अरुंद, वळणावळणाचा.

सासूबाई पक्क्या शाकाहारी. तुंबेत (तळलेले बटाटे, वांगी, ढब्बू मिरची, वर टोमॅटो) चालेल. पण न्याहारीच्या एन्साइमादा या गोड पावात डुकराची चरबी असते. आधी कळवलं तर हॉटेलवाले दुसरं काही देतात का?