प्रतिसाद: मोदक नावापुरता, मजकुराला कलम

तुम्हाला पोराच्या वाढदिवसाच्या पत्रिकेसाठी हाताने लिहिल्यासारखा देवनागरी फॉन्ट हवाय आणि वर दोघांनी 'मोदक' सुचवलाय. मोदक गोडच, पण इतका गुबगुबीत की अक्षरांतली पोकळी रेघेएवढीच उरते. नाव मोठ्ठं लिहायला झकास. पत्ता त्यात लिहिलात तर पाहुणे भलत्याच गल्लीत जातील! मजकुराला इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' घ्या. किंचित तिरका, पेनाने भरभर लिहिल्यासारखा, तीन जाडींत आणि फुकट. फक्त अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. फोटोशॉपमध्ये वेलांट्या भरकटल्या तर दोष फॉन्टचा नाही, भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा 'वर्ल्ड-रेडी लेआउट' हा पर्याय निवडा. भाचीच्या बारशाला मी ते विसरलो. 'निमंत्रण'मधली वेलांटी न सोडून म वर चढली आणि पन्नास पत्रिका तशाच छापून आल्या.